चिवट वॉफलची वही : घाणा पहिला ते नववा

नऊ घाणे झाले. पहिले दोन आईने बघून न बघितल्यासारखं केलं, पुढचे चार मी एकट्याने संपवले, आणि सातव्यापासून घरात वाटणीवरून कुरबुरी सुरू झाल्या. म्हणजे आता लिहायला हरकत नाही.

मला करायचं होतं मोची वॉफल, म्हणजे मोची या चिवट जपानी मिठाईच्या चिकट तांदळाच्या पिठाचं वॉफल. बाहेरून कुरकुरीत, आतून दाताला ओढ लावणारं. या गुणाला आपल्याकडे धड नाव नाही. धिरडं बिघडलं की 'चामट', भाकरी शिळी झाली की 'चिवट'. दोन्ही शब्द सुगरणीची अब्रू घालवणारे. अपवाद फक्त कराची हलव्याचा, तिथे तीच ओढ आपण पैसे मोजून घेतो. आईला मी तसंच समजावलं, हलव्यासारखं चिवट. ती म्हणाली, "मग हलवाच कर की."

घाणा 1 आणि 2 (एप्रिल). सोलापुरात मधल्या मारुतीजवळ एका दुकानात चिकट तांदळाचं पीठ मागितलं. दुकानदाराने मोदकाचं पीठ पुढे केलं. "हे चिकटच असतंय की ओ." आंबेमोहोराचं होतं, वास सुंदर. वॉफल मात्र वरून टोस्ट आणि आतून ओलसर भुसभुशीत, कालच्या इडलीसारखं. दुसऱ्या वेळी दूध वाढवलं. तेच झालं, जास्त ओलं.

चूक दुकानदाराची नाही. शिजल्यावर चिकटणारा तांदूळ वेगळा आणि मोचीचा तांदूळ वेगळा. स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात. अमायलोज सरळ साखळीसारखं, अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचं. रोजच्या तांदळात अमायलोज साधारण 15 ते 30 टक्के असतं, मोचीच्या तांदळात 0 ते 2 टक्के. भात गार झाला की या सरळ साखळ्या पटकन एकमेकींना बिलगतात आणि दाणा ताठ होतो. त्या नसल्या की पीठ शिजून लवचिक होतं आणि बराच वेळ तसंच राहतं. इंग्रजीत याला 'ग्लुटिनस' म्हणतात म्हणून पुष्कळांना वाटतं की यात ग्लुटेन, म्हणजे कणीक धरून ठेवणारं गव्हातलं प्रथिन, आहे. ते औषधालाही नाही. त्या शब्दाचा अर्थ इथे नुसता 'चिकट'.

पीठ खरं की खोटं हे घरी ओळखता येतं. दोन पिठं चमचा चमचा घेऊन वेगवेगळी पाण्यात शिजवली, गार केली आणि वर पाण्यात पातळ केलेल्या बेटाडीनचे (जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध) दोन-दोन थेंब टाकले. मोदकाच्या पिठाची वाटी शाईसारखी निळीकाळी झाली. मोचीच्या पिठाची तपकिरी-लालसर, विटेच्या भुकटीच्या रंगाची. अमायलोज आयोडीनला निळं करतं, अमायलोपेक्टिन तसं करत नाही. भाचा शेजारी बसून बघत होता, त्याला वॉफलपेक्षा हेच जास्त आवडलं. प्रयोगाचं पीठ टाकून द्या आणि वाट्या जुन्या घ्या. मी घेतल्या त्या हळदीकुंकवाच्या निघाल्या.

खरं पीठ बहिणीने पुण्याहून आणलं, संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने. थायलंडचं, तीन तोंडांच्या हत्तीचं पाकीट. त्या कंपनीची पाकिटं एकसारखी दिसतात, रंग बघून घ्यायची. हिरव्या छपाईचं चिकट तांदळाचं, लाल छपाईचं साध्या तांदळाचं. लाल घेऊन आलात तर माझे पहिले दोन घाणे तुमच्याही नशिबी.

घाणा 3. पहिला घास घेतला आणि कळलं, हेच ते. पण चार वॉफलची चार तऱ्हा. पहिलं पापडासारखं पातळ, दुसरं बरं, तिसरं जड, चौथं वीट. पातेल्याच्या तळाशी उलथनं घातलं तर खाली पिठाचा थर बसलेला, रांगोळीसारखा दाबला की करकरणारा. मैद्याच्या घोळात ग्लुटेन पीठ धरून ठेवतं. इथे धरायला कुणीच नाही, त्यामुळे पीठ तळाला जातं आणि वर नुसतं गोड दूध राहतं. दर वेळी ढवळून ओतायचं हा उपाय आहे, पण वॉफलला सहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात परत बसतंच.

घाणा 4, मे महिना, दुपारी तीन. हा घाणा विजेने खाल्ला. वॉफल यंत्राला असं चिकटलं की लाकडी काडीने चौकोन-चौकोन उकरत बसलो. नंतर मल्टीमीटर लावला तर सॉकेटला 190 व्होल्ट. 230 वर 750 वॉट ओढणारं यंत्र 190 वर जेमतेम 510 वॉटचं होतं, कारण वॉट हे व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. गल्लीतले सगळे कूलर आणि एसी चालू असताना आपण वॉफल करायला बसणं हाच मूर्खपणा. तेव्हापासून सकाळी आठच्या आत.

घाणा 5. घाई केली, चौथ्या मिनिटाला झाकण उघडलं. वॉफलची दोन शकलं, एक वरच्या साच्याला, एक खालच्या. यंत्रावरचा दिवा विझला म्हणजे झालं असं समजू नका, तो मैद्याच्या हिशेबाने विझतो. वाफ बघायची. कडेने येणारी वाफ जवळजवळ थांबली की मग हात लावायचा.

घाणा 6. याच घाण्याने वाट दाखवली, तो फसला तरी.

रविवार होता. शेजारचे मामा पेपर मागायला आले. मिलमध्ये सायझिंग खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. ताण्याच्या सुताला पिठाची खळ लावायची, म्हणजे मागावर घासलं तरी सूत तुटत नाही, हे त्यांचं काम. मी पातेलं ढवळत उभा.

"काय करूलालास रे?"

"वॉफल. पीठ सारखं खाली बसतंय, मामा."

त्यांनी चष्मा वर केला, पातेल्यात बोट घातलं, तळाचं पीठ अंगठ्याने चोळून बघितलं. "कच्ची खळ अशीच बसते. टाकीत आम्ही कच्चं पीठ कधी सोडलं नाही. थोडी शिजवून घाल, बाकीचं ती उचलून धरतंय."

आई आतून म्हणाली, "म्हणजे उकडच की! हे एवढं मला विचारायचं नाही?"

खरंच विचारलं नव्हतं. मोदकाची उकड, ज्वारीच्या पिठात ओतायचं आधणाचं पाणी, सगळं डोळ्यांसमोर असून मी मोबाईलवर जपानी बाईंचे व्हिडिओ बघत होतो. ज्वारीतही ग्लुटेन नाही, म्हणून तर गरम पाण्याने पिठाचा थोडा स्टार्च शिजवून घेतात आणि भाकरी थापता येते.

घाणा 7. हे प्रमाण पक्कं धरा. मोचीचं पीठ 150 ग्रॅम, दूध 170 मिली, अंडं 1, लोणी 30 ग्रॅम, साखर 25 ग्रॅम, बेकिंग पावडर 4 ग्रॅम, मीठ दोन चिमटी.

आधी 30 ग्रॅम पीठ 100 मिली थंड दुधात गुठळी न ठेवता कालवा आणि मंद आचेवर सतत ढवळा. दोनेक मिनिटं काहीच होत नाही, मग एकदम दाटतं. चमचा ओढल्यावर तळ दिसला आणि वाट लगेच बुजली नाही की गॅस बंद. ही खळ कोमट होऊ द्या, नाहीतर अंडं शिजेल. मग सगळं मिक्सरमध्ये एकत्र. मैद्याला 'जास्त फेटू नका' म्हणतात ते ग्लुटेनच्या भीतीने, इथे ती भीती नाही, बिनधास्त फिरवा. घोळ डोशाच्या पिठापेक्षा किंचित दाट हवा. मी अर्धा तास मुद्दाम ठेवून दिला, तळाला काही बसलं नाही. चार वॉफलं झाली, चारही सारखी. मामांना पहिलं पाठवलं. दात कमी आहेत त्यांना, तरी अर्धं खाल्लं म्हणे.

काढल्यावर ताटात आडवं टाकू नका, खालची वाफ कुरकुरीतपणा घालवते. कडक भाकरी चुलीला टेकवून उभी करतात तसं जाळीवर उभं करा. उरलं तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात नको, तिथल्या थंडीत हेही पीठ सकाळपर्यंत लाकूड होतं. बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि तसंच गोठलेलं यंत्रात तीन मिनिटं. माझ्या मते दुसऱ्या दिवशीचं वॉफल पहिल्या दिवसापेक्षा सरस लागतं, बायकोला हे मान्य नाही.

घाणा 8, सोलापुरी. साखर काढली, मोचीच्या 150 ग्रॅममधलं 30 ग्रॅम कमी करून मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं पीठ घातलं. खळ मात्र मोचीच्याच पिठाची. वरचं कवच जास्त कुरकुरीत, आणि घरभर भाकरी भाजल्याचा वास. मग हाव सुटली, ज्वारी 60 ग्रॅम केली, तर ओढ गेली आणि तुकडे पडायला लागले. 30 च्या पुढे जाऊ नका, आणि पीठ ताजं घ्या. विरी गेलेल्या पिठाने इथेही तोंडात रवाळ लागतं.

वर घट्ट दही आणि शेंगाचटणी. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, मिक्सरमधली कोरडी भुकटी नव्हे. चौकोनाच्या खड्ड्यात दही बसतं, दह्यावर चटणीचं लाल तेल पसरतं, आणि कडेला चावलं की आधी कट्ट आवाज, मग ती ओढ. मध घातलेलं गोड वॉफल मी परत करीन असं वाटत नाही.

घाणा 9, श्रावण. अंडं बंद. अंड्याऐवजी 50 ग्रॅम दही घातलं, दूध तेवढंच कमी केलं. चव छान. पण मध्ये घट्ट धरून ठेवणारं काही नाही, त्यामुळे आठ मिनिटांनीही आत कच्च्या उकडीसारखं आणि उघडताना परत दोन शकलं. पुढच्या वेळी खळ 30 ऐवजी 45 ग्रॅम पिठाची करून बघणार, आणि दोन चमचे मिल्क पावडर. कुणी बिनअंड्याचं अखंड काढलं असेल तर प्रमाण ग्रॅममध्ये सांगा, वाटीत नको, आमच्या घरात सात आकाराच्या वाट्या आहेत.

पाकिटात 40 ग्रॅम उरलंय. आसामात पिठा नावाच्या तांदळाच्या पक्वान्नांसाठी बोरा तांदूळ वापरतात, तोही याच चिकट जातीचा, दाणा खडूसारखा पांढरा, अपारदर्शक. ऑफिसातल्या एकाचा भाऊ तिकडे आहे, दोन किलो मागवलाय. गिरणीवाला आत्ताच सांगून बसलाय की ज्वारीच्या दळणानंतर पाट्यात जे राहतं ते मिसळणारच. आई म्हणाली, "मिसळू दे की, तीस ग्रॅमपर्यंत चालतंय ना तुला."