पेटीतले कागद आणि चिखलदऱ्याचे शिबिर

माझे पती महार रेजिमेंटमध्ये होते. सेवेत असतानाच आजाराने त्यांचे निधन झाले, तेव्हा आमचा मुलगा सहा वर्षांचा होता. दिवंगत सैनिकांच्या मुलांसाठी एक सेवाभावी संस्था मे महिन्यात चिखलदऱ्याला आठ दिवसांचे मोफत शिबिर घेते, हे मला बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कळले. परंतु अर्ज हाती घेऊनही मी पंधरा दिवस तो भरला नाही. सीमेवर गोळी लागून गेलेल्यालाच आमच्या गावात शहीद म्हणतात, आणि मला मिळते ते साधे कुटुंब निवृत्तिवेतन. साधे, विशेष आणि उदारीकृत हे प्रकार मृत्यूच्या कारणावरून ठरतात, त्यामुळे आपला मुलगा या शिबिराच्या अटीत बसतच नसावा, असे मी धरून चालले होते. कल्याण संघटकांनी अर्जातील ओळ मला वाचून दाखवली: वडील सेवेत असताना वारलेले असावेत, एवढीच अट होती. ती मी आधीच नीट वाचायला हवी होती.

खरी अडचण नावाची निघाली. सैन्याच्या नोंदीत मुलाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एक आणि आधार कार्डावर दुसरे, एवढ्यावरून एका कार्यालयाने माझे कागद दोनदा परत केले, आणि दोन्ही वेळा भर उन्हात एसटीने जाण्यायेण्यात माझी मजुरी बुडाली. नोंदीतील दुरुस्तीसाठी मध्य प्रदेशातील सागर येथील महार रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसशी (सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाशी) पत्रव्यवहार करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. संस्थेने मात्र तहसीलमधील प्रतिज्ञापत्र आणि शाळेचे बोनाफाईड यांवर अर्ज स्वीकारला. दुरुस्तीचा अर्ज मी त्याच आठवड्यात पाठवला, कारण पुढे शिष्यवृत्तीला आणि वसतिगृहालाही हीच नोंद लागणार आहे. माझ्यासारख्या भगिनींनी मुले लहान असतानाच पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) आणि आधार शेजारी ठेवून प्रत्येक अक्षर ताडून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

परतवाड्याहून घाट चढताना गार वारा लागला, असे मुलगा सांगत होता. शिबिरात त्याचे वडील कसे गेले, हे त्याला कोणीही विचारले नाही. संध्याकाळी ज्याला वाटेल त्याने वडिलांविषयी बोलायचे, आणि तो सातव्या दिवशी बोलला. घरी आल्यावर त्याने वडिलांच्या काळ्या पेटीवरची धूळ पुसली आणि तिच्यावरचा पांढऱ्या रंगातला पुसट क्रमांक आपल्या वहीत उतरवून घेतला.