मॉन्टेसरीत टाकू की साध्या शाळेत?

"मॅडम, सांगा नं, पोराला मॉन्टेसरीत टाकू की साध्या शाळेत?" डिसेंबर लागला की हा प्रश्न मला भाजीबाजारातही गाठतो. माझी उभी नोकरी बालवाडीच्या शिक्षिका तयार करण्यात गेली. त्यामुळे नागपुरात ओळखीच्या घरी अडीच-तीन वर्षांचं मूल असलं की माझा फोन वाजतोच. तुम्ही विचारलंत म्हणून यंदा नीट लिहूनच टाकते.

पाटीवर कुणाचं नाव आहे ते नंतर पाहा. आधी त्या वर्गात कोणाकोणाची मुलं बसतात ते पाहून या. हे माझं उत्तर. ते ऐकून आईबाप जरा गोंधळतात, कारण त्यांना फी, इंग्रजी आणि बस यांबद्दल ऐकायचं असतं. पण ज्यांच्या नावावर आज प्रवेश दिले जातात त्यांची आयुष्यं वाचली, तर दुसरं उत्तर निघतच नाही.

ज्यांच्यावरून या पद्धतीला नाव पडलं त्या इटलीच्या मारिया मॉन्टेसरी मुळात डॉक्टर. 1896 साली रोममध्ये त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली आणि सुरुवातीची वर्षं, मंदबुद्धी ठरवून वेड्यांच्या इस्पितळात टाकलेल्या मुलांसाठी काम केलं. 6 जानेवारी 1907 ला त्यांनी पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं ते रोमच्या सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत. आईबाप दिवसभर कामावर, मागे उरलेली पोरं जिन्यांत धुडगूस घालणार, भिंती खराब करणार. त्या चाळींची दुरुस्ती करणाऱ्या कंपनीला भिंती वाचवायच्या होत्या, म्हणून एक खोली मिळाली. आज ज्या पद्धतीसाठी आपण कर्ज काढायला तयार होतो, ती अशा पोरांना पाहून सुचलेली आहे.

त्या खोलीतलं एक साधन मी प्रत्येक नव्या बॅचला हातात देत असे. लाकडाचा लांबट ठोकळा, त्यात दहा खाचा आणि प्रत्येक खाचेत बरोबर बसणारा एक दट्टा. मूल सगळे दट्टे काढतं, मिसळतं, परत बसवायला लागतं. एखादा बारीक दट्टा मोठ्या खाचेत गेला तर तिथे काही बिघडत नाही, पण शेवटी एक जाडा दट्टा हातात उरतो आणि त्याला जागाच नसते. मूल थांबतं, ठोकळ्याकडे बघतं, मागचे दोन-तीन दट्टे उपसतं. बाईंनी "चुकलं" म्हणायची गरजच पडत नाही. सान लोरेन्झोत तीनेक वर्षांची एक मुलगी हेच काम चाळीसहून जास्त वेळा करत बसली होती. मॉन्टेसरींनी बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं लक्ष हललं नाही. मजुराच्या पोरीच्या ठायी एवढी एकाग्रता असते, हे जगाला तिथे कळलं.

ही पद्धत मराठीत रुजवली ताराबाई मोडकांनी. लग्नानंतर त्या काही वर्षं आपल्या अमरावतीत होत्या. 1923 मध्ये त्या भावनगरला, गुजरातेत बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाईही वकिली सोडून मुलांत रमलेले. दोघांनी मिळून 1926 साली नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे 1936 ला ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. नाव झालं, चांगल्या घरची मुलं येऊ लागली. इथे थांबल्या असत्या तरी इतिहासात त्यांचं नाव राहिलं असतं. पण 1945 मध्ये त्या पालघरकडच्या बोर्डीला गेल्या आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांत. सोबत अनुताई वाघ, बालविधवा होऊनही शिकलेल्या. वारल्यांची पोरं शाळेत येईनात, कारण कुणाला गुरं वळायची होती, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड होतं. मग ताराबाईंनी शाळाच त्यांच्याकडे नेली. पाड्यातल्या अंगणात अंगणवाडी, गुरं चरतात तिथे कुरणशाळा. इटलीची महागडी साधनं तिथे कुठून आणणार? चिंचोके, शिंपले, खडे, पानं आणि बिया घेतल्या. चिंचोक्यांवर मोजणी होते, पानांवर आकार कळतात. माझ्या मते मराठी बालशिक्षणातलं सगळ्यांत मोठं काम हेच. एका शहाण्या पद्धतीची किंमत त्यांनी जवळजवळ शून्यावर आणली.

आता नागपूरकडे येते, कारण प्रश्न नागपुरातून येतो आणि आपल्याच गावची माणसं आपण विसरतो. रोममध्ये बालगृह उघडलं त्याच 1907 साली नागपुरात किसन फागुजी बनसोडे यांनी अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. ते मोहप्याचे, जवळचेच. शाळा, वर्तमानपत्रं, मजुरांची संघटना अशा सगळ्या आघाड्यांवर हा माणूस लढला.

आणि जाईबाई चौधरी. माझ्या विद्यार्थिनींना मी मॉन्टेसरींच्या आधी जाईबाई सांगत असे. 1892 साली उमरेडला जन्म, दुष्काळात घर नागपूरला आलं, नवव्या वर्षी लग्न. पोटासाठी नागपूर-कामठीच्या दरम्यान डोक्यावर ओझी वाहायची. अशात ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना हेरलं, शिकवलं आणि चार रुपये महिन्यावर मिशनच्या शाळेत शिक्षिका केलं. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी मुलं काढून घेतली आणि जाईबाईंची नोकरी गेली. त्यांनी 1922 मध्ये नागपुरात स्वतःची, संत चोखामेळा मुलींची शाळा उभी केली. ओझी वाहणारी बाई शाळा काढते, तीही पोरींची, तीही 1922 मध्ये. मला हे वाचताना आजही भरून येतं. उमरेड रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना त्यांचं नाव ठाऊक असेल?

1937 चं साल तर विदर्भाने शाळकरी पुस्तकात सविस्तर शिकवायला हवं. 22 आणि 23 ऑक्टोबरला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं, असा विचार तिथे मांडला गेला. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला, सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने तो चालवून दाखवला. मुलांनी केलेल्या कामातून शाळेचा खर्च निघावा हा त्यातला भाग मला कधीच पटला नाही, मुलांवर कमाईचं ओझं नको. पण हातांनी काम करत डोकं चालतं, हे मी वर्गात रोज पाहिलं आहे. त्याच वर्षाच्या शेवटी नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. तिथे शिकल्यासवरल्या बायकांनी जेवणाच्या वेळी जाईबाईंना आणि त्यांच्या सोबतिणींना वेगळं बसवलं. दलित स्त्रियांनी 1 जानेवारी 1938 ला निषेधाची सभा घेतली. पुढे जुलै 1942 मध्ये इथेच दलित महिलांची परिषद झाली, बाबासाहेब आले, 20 ते 25 हजार बायका जमल्या. 1937 मध्येच, दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने, वर्ध्याहून नागपूर काही लांब नाही, एकीकडे सगळ्या मुलांना शिकवायचं ठरतं आणि दुसरीकडे शिक्षिकेची पंगत वेगळी पडते. म्हणून मी म्हणते, वर्गात कोण बसतं ते पाहा, आणि डबा खाताना कोण कोणाशेजारी बसतं तेही पाहा.

हा जुना विषय नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) विनाअनुदानित खाजगी शाळांत प्रवेशाच्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली. पालक कोर्टात गेले आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. शाळा पाहायला जाल तेव्हा विचारा: आरटीईची मुलं किती, आणि ती सगळ्यांसोबत एकाच तुकडीत बसतात की वेगळ्या? उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघा.

बाईंकडेही लक्ष द्या. 1882 साली इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा असं सांगितलंच, शिवाय शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, मुलांत मिसळणारे असावेत, वेळेला नांगर किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणारे नसावेत, असंही सांगितलं. पालकसभेत बाई ऑटोवाल्या बापाशी आणि डॉक्टर बापाशी एकाच सुरात बोलतात का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

राहिला पैशाचा प्रश्न. फी झेपत नसेल तर जिवाला खाऊ नका. आपल्या वस्तीतली अंगणवाडी सकाळी एकदा जाऊन बघा, सेविकेशी बोला. माझ्या हाताखाली शिकलेल्या काही जणी आज सेविका आहेत आणि पोषण आहार, वजनं, रजिस्टरं हे सगळं सांभाळून चिंचोक्यांचे ढीग मांडतात. त्यांतल्या एकीच्या अंगणवाडीत मी पाहिलं, पोरं ते पाच-पाचाच्या रांगेत लावत होती. रांगेत सहा झाले की एक जण शेजारच्याला देऊन टाकायचा, कुणी न सांगता. घरी वाटाणे सोलायला, भांड्यातलं पाणी ओतायला, तूरडाळीतून खडे निवडायला मुलाला बसवा आणि दहा मिनिटं मध्ये बोलू नका. शाळा जून महिन्यात सुरू होईल, हे आजपासून होतं.