एका टबातलं पाणी, अख्ख्या घराचं

जपानमध्ये भाड्याचं घर शोधायला लागलं की एजंट घरांचे नकाशे समोर मांडतो. इथली माणसं त्यात आधी काय बघतात, तर न्हाणीघर आणि संडास वेगळे आहेत की नाहीत. जाहिरातीतही हे ठळक छापलेलं असतं आणि त्याच्या शेजारी बरेचदा आणखी एक गोष्ट असते, 'ओइदाकी'ची सोय. टबातलं पाणी निवलं की तेच पाणी पुन्हा तापवून द्यायची ही व्यवस्था. योकोहामात आम्ही घर बघत होतो तेव्हा पहिल्या अटीचं कारण मला विचारावं लागलं नाही. आपल्याकडेही जुन्या वाड्यांत न्हाणी एकीकडे आणि संडास पार परसात असायचा. ओइदाकीसाठी लोक जास्तीचं भाडं का मोजतात, हे मात्र इथे राहिल्यावरच उमगलं. टबातलं पाणी इथे एका माणसाचं नसतं, अख्ख्या घराचं असतं, आणि अंघोळीची सगळी रीत त्यावर उभी आहे.

मी लातूरची. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. आमच्या घरात त्याच्या कितीतरी आधीपासून भाज्या धुतलेलं पाणी झाडांना आणि कपड्यांचं पाणी फरशीला, हा नेम होता. त्यामुळे इथल्या घरगुती टबाला साधारण 200 लिटर पाणी लागतं असं कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. त्या हिशेबाकडे येतेच, पण आधी न्हाणीघर कसं असतं ते सांगते.

बाहेर कपडे बदलायची लहानशी खोली असते. वॉशबेसिन आणि वॉशिंग मशीन बहुतेक तिथेच. आतलं दार उघडलं की अर्ध्या जागेत टब आणि अर्ध्या जागेत मोकळी फरशी, तिला उतार आणि मोरी. या मोकळ्या जागेला 'आराइबा' म्हणतात. भिंतीवर आरसा, त्याखाली नळ आणि लांब नळीचा शॉवर, समोर एक बुटकं स्टूल आणि पाणी घ्यायला हलकं तसराळं. पाटावर बसून तांब्याने अंघोळ केलेल्या कुणालाही इथे काही शिकवावं लागत नाही. टब लांबीला आखूड आणि खोलीला दांडगा, साधारण 60 सेंटिमीटर. गुडघे जरा दुमडून बसलं की पाणी थेट खांद्यापर्यंत येतं. हॉटेलांत आपण बघतो त्या उथळ टबात पोट भिजतं आणि खांदे गारठतात, तसं इथे होत नाही.

आता रीत. स्टुलावर बसून आधी डोक्यापासून तळपायापर्यंत स्वच्छ घासून घ्यायचं. साबणाचा फेस कानामागेही राहता कामा नये. केस लांब असतील तर वर बांधायचे. मग टबात उतरायचं, आणि तिथे साबण, शाम्पू, पंचा यातलं काहीही न्यायचं नाही. टबात उतरताना माणसाची अंघोळ झालेली असते. टब असतो तो ऊब घेण्यासाठी, ताठलेले सांधे सुटण्यासाठी आणि काही न करता बसण्यासाठी. बाहेर आलं की पाणी सोडून द्यायचं नाही. वर झाकण टाकायचं आणि पुढच्याला हाक मारायची.

दुसऱ्याने वापरलेल्या पाण्यात उतरायचं, हे आपल्या मनाला पटत नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे शुद्ध पाणी म्हणजे अंगावरून वाहून गेलेलं. माझं मन वळलं ते नागानोत, नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या आईवडिलांकडे. बाहेर बर्फ होता आणि घर चांगलंच गारठलेलं. जेवणं झाल्यावर काकूंनी माझ्या हातात घडी केलेला टॉवेल दिला आणि म्हणाल्या, "ओसाकी नि दोझो", म्हणजे तुम्ही आधी. पाहुण्याला पहिलं पाणी द्यायची पद्धत. आत गेले, टबावरचं गुंडाळायचं झाकण पट्टी पट्टी करत मागे सारलं आणि वाफ चेहऱ्यावर आली. तेव्हा ध्यानात आलं की माझ्यामागून याच पाण्यात काका, काकू आणि त्यांचा मुलगा उतरणार आहेत. त्या रात्री मी जितक्या निगुतीने अंग घासलं तितक्या निगुतीने आयुष्यात कधी घासलं नसेल. मनातली किळस तिथेच गेली. मला त्यांच्या पाण्याची जितकी काळजी वाटली, तितकीच त्यांना माझ्यासाठी वाटत असणार, हे आतून पटलं. सगळ्यांचं आटोपल्यावर मी पुन्हा डोकावले, तर टबाच्या तळाचं बूच स्पष्ट दिसत होतं.

पूर्वी घरचे पुरुष आधी आणि सून सगळ्यात शेवटी, असा क्रम असायचा. आपल्याकडे सुना शेवटी जेवायला बसत, त्याची आठवण होते आणि ते मला मुळीच आवडत नाही. हल्ली बहुतेक घरांत जो आधी मोकळा होईल तो जातो. लहान मुलं वडिलांबरोबर जातात. कामावरून उशिरा येणाऱ्या बाबांना मुलांशी गप्पा मारायला तीच काय ती निवांत वेळ मिळते. खांदे बुडवून शंभरपर्यंत आकडे म्हणायचे आणि मगच बाहेर यायचं, हे इथल्या मुलांचं ठरलेलं आहे. आमची लेक जपानी आकडे तिथेच शिकली.

पाणी तयार करायला आता भिंतीवरचं एक बटण पुरतं. हवी तेवढी पातळी आणि हवं ते तापमान, बहुतेक घरांत 40 ते 42 अंश. झालं की छोटीशी धून वाजते आणि बाईचा आवाज सांगतो, "ओफुरो गा वाकिमाशिता", अंघोळीचं पाणी तापलं. हे सुख फार जुनं नाही. खेड्यांत पूर्वी गोएमोनबुरो असे. बिडाचं मोठं कढईसारखं पात्र, खाली चुलीत लाकडं आणि पाण्यावर तरंगणारी लाकडी फळी. फळीवर तोल सांभाळत पाय देऊन ती खाली दाबत उतरायचं, म्हणजे तापलेल्या तळाचा चटका बसत नाही. 1594 मध्ये क्योतोत उकळत्या कढईत टाकून मारलेल्या इशिकावा गोएमोन या दरोडेखोरावरून हे नाव पडलं.

शहरांत घरोघरी न्हाणीघर नव्हतंच. लोक गल्लीतल्या सेंतोत, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात जात. तिथल्या भिंतीवर फुजी पर्वताचं भलंमोठं चित्र असतं. ही प्रथा 1912 मध्ये तोक्योच्या कांदा भागातल्या एका सेंतोतून सुरू झाली. तिथली पिवळी प्लास्टिकची तसराळी मला फार आवडतात. त्यांच्या तळावर 'केरोरिन' या वेदनाशामक औषधाचं नाव छापलेलं असतं, 1963 पासून चालत आलेली ही जाहिरात. ओसाका-क्योतोकडे हेच तसराळं जरा लहान मिळतं, कारण तिकडचे लोक टबातलंच पाणी काढून अंगावर घेतात आणि मोठं भरलेलं तसराळं उचलायला जड जातं.

1955 मध्ये सरकारी गृहनिर्माण महामंडळ निघालं आणि त्याच्या वसाहतींत प्रत्येक घराला स्वतःचं न्हाणीघर मिळू लागलं. मग आलं 1964 चं तोक्यो ऑलिंपिक. न्यू ओतानी हॉटेलच्या हजारांहून जास्त खोल्या वेळेत उभ्या करायच्या होत्या. आजच्या तोतो कंपनीने भिंती, फरशी, टब असे कारखान्यात तयार केलेले भाग आणून जागेवर जोडायची युक्ती काढली. त्यालाच युनिट बाथ म्हणतात. आज इथल्या बहुतेक नव्या घरांत तेच असतं, आमच्याही.

आता पाण्याचा हिशेब. चौघांत 200 लिटर म्हणजे माणशी 50, शिवाय बाहेर अंग धुवायला लागतं ते वेगळं. लातूरच्या एका बादलीशी याची बरोबरी होत नाही आणि ती करायचीही नाही. जपानात वर्षाला सरासरी 1700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण पाणी इथे तेवढ्यावर संपत नाही. इथल्या वॉशिंग मशीनला टबातलं पाणी ओढणारी नळी जोडता येते. धुवायला ते कोमट पाणी वापरायचं आणि शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्याने. आमच्याकडे रोज असंच होतं. घरात मी एकटी असले तर टब भरत नाही, शॉवर घेते. एकीसाठी एवढं पाणी मला घालवत नाही.

आईबाबा इथे आले तेव्हा आईची पहिली अडचण वेळेची होती. "अगं, रात्री अंघोळ करून झोपायचं, मग सकाळी पारोशाने देवाला हात लावायचा का?" इथले लोक दिवसभराची धूळ अंथरुणात न्यायची नाही म्हणून रात्रीच अंघोळ करतात आणि मलाही आता त्याशिवाय झोप लागत नाही. आईने सरळ दोन्ही धरलं. सकाळी आराइबात स्टुलावर बसून बादली आणि मगाने अंघोळ, मग पूजा. रात्री गुडघ्यांसाठी टब. त्यांच्या मुक्कामात 5 मे आला. त्या दिवशी मुलांच्या सणाला शोबु नावाची लांब, तलवारीसारखी पानं टबात सोडतात. सुपरमार्केटमध्ये त्यांच्या जुड्या मिळतात. मी एक जुडी आणली. आईने पान चुरगाळलं, नाकाशी धरलं आणि म्हणाली, "अगं, हे तर वेखंड!" खरंच तीच वनस्पती. आपण कंद उगाळून किंवा पूड करून बाळांना लावतो, हे लोक पानं पाण्यात सोडतात. हिवाळ्यात, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, युझु नावाची सुगंधी लिंबवर्गीय फळं अशीच तरंगत ठेवतात. त्या रात्री अंगाला येणारा वास मी शब्दांत सांगू शकत नाही.

पण या टबाची एक बाजू गांभीर्याने घ्यायला हवी. हिवाळ्यात टबात बुडून दगावणाऱ्या वृद्धांची संख्या जपानमध्ये रस्ते अपघातांतल्या बळींपेक्षा जास्त असते. एकच खोली तापवलेली, कपडे बदलायची जागा थंडगार, आणि तिथून एकदम कढत पाण्यात. रक्तदाब एकदम चढतो आणि उतरतो, भोवळ येते, माणूस बुडतो. सरकारचं सांगणं आहे की पाणी 41 अंशांपर्यंतच ठेवा, दहा मिनिटांपर्यंतच बसा आणि घरच्यांना सांगून जा. आम्ही बाबांसाठी बाहेरच्या खोलीत आधीच हीटर लावायचो, पाणी 40 वर ठेवायचो आणि मधूनमधून हाक मारायचो. आतल्या पॅनेलवर घरच्यांना बोलवायचं बटण असतं, ते त्यांना पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. तुमचे आईवडील कधी इकडे येणार असतील तर एवढं नक्की करा.

रात्री टब रिकामा न करता पाणी तसंच ठेवणारी घरं इथे बरीच आहेत. भूकंप झाला आणि नळ बंद पडले तर ते संडासात ओतायला कामी येतं. तान्ही, रांगती मुलं असतील तर मात्र टब रिकामाच ठेवायचा, तिथे तडजोड नाही. 1 जानेवारी 2024 ला नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला आणि कित्येक गावांत दीर्घकाळ पाणी नव्हतं. तेव्हा स्वसंरक्षण दलाच्या जवानांनी अन्नपाण्याच्या मदतीबरोबर मोठे तंबू ठोकले, बायकांची आणि पुरुषांची वेगळी सोय केली, पाणी तापवलं आणि टब भरले. घरं पडलेली माणसं टॉवेल घेऊन रांगेत उभी राहिली. तिथेही तंबूत आधी बाहेर बसून अंग धुवायचं आणि मगच सगळ्यांच्या पाण्यात उतरायचं, हीच रीत होती.