चिंचणीच्या किनाऱ्यावरून दिसणारे तारापूर

डहाणू लोकलने बोईसरला उतरलो तेव्हा औद्योगिक वसाहतीतील पाळीला निघालेल्या कामगारांची गर्दी फलाटावरून ओसरत होती. रिक्षा पश्चिमेकडे वळली तसे कारखाने मागे पडले आणि वाड्या, ताड व खाजणाचा वास सुरू झाला. तारापूरच्या अणुवीज केंद्रात माझ्यासारख्या प्रवाशाला प्रवेश नसतो, हे ठाऊक असल्यामुळे मी खाडी ओलांडून चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. दक्षिणेकडे, धुरकट क्षितिजाला टेकून, केंद्राच्या इमारती आणि उंच धुराडे दिसत होते.

हे केंद्र इथेच का उभे राहिले, याचे उत्तर किनाऱ्यावर उभे राहिले की लवकर कळते. मुंबई आणि अहमदाबाद या गिरण्यांच्या शहरांना वीज हवी होती, कोळशाच्या खाणी शेकडो किलोमीटर दूर होत्या, आणि यंत्रातून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करण्यासाठी समुद्र हाताशी होता. होमी भाभांच्या नेतृत्वाखाली 1963 मध्ये अमेरिकेशी करार झाला आणि जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अणुभट्ट्यांची निवड झाली. जानेवारी 1966 मध्ये विमान अपघातात भाभांचे निधन झाले. ऑक्टोबर 1969 मध्ये सुरू झालेले देशातील हे पहिले अणुवीज केंद्र पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. प्रत्येकी 210 मेगावॉटची ही यंत्रे दुय्यम वाफ-जनित्रांतील गळतीमुळे पुढे 160 मेगावॉटवर आणावी लागली.

मला या जागेच्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो तो इंधनाचा भाग. या अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियम, म्हणजे सहज विखंडन होणाऱ्या अणूंचे प्रमाण वाढवलेले युरेनियम, लागते आणि ते तीस वर्षे पुरवण्याचे अमेरिकेने कबूल केले होते. 1974 मध्ये पोखरणची चाचणी झाली, 1978 मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला, आणि पुरवठ्याचा प्रश्न इतका चिघळला की 1982 च्या तडजोडीनंतर ते इंधन फ्रान्सकडून येऊ लागले. मूळ कराराची मुदत 1993 मध्ये संपल्यावर चीन आणि नंतर रशिया यांच्याकडून युरेनियम घ्यावे लागले. मधल्या काळात आपल्या शास्त्रज्ञांनी वापरलेल्या इंधनातून वेगळे काढलेले प्लुटोनियम मिसळून बनवलेले मॉक्स इंधनही इथे वापरून पाहिले. परक्या देशाच्या कायद्यामुळे पालघरच्या किनाऱ्यावरचे केंद्र थांबू नये, यासाठी किती माणसांनी किती वर्षे धडपड केली असेल, या विचाराने मन भरून आले.

म्हणूनच त्याच आवारातील तिसरे व चौथे एकक मला वेगळे वाटते. प्रत्येकी 540 मेगावॉटच्या या अणुभट्ट्या भारतीय बनावटीच्या असून जड पाण्याच्या (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार असतो) साहाय्याने नैसर्गिक युरेनियमवरच चालतात. त्यांना समृद्ध युरेनियमसाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. आधीचे आपले सर्वांत मोठे संच 220 मेगावॉटचे होते, त्यावरून थेट ही झेप घेतली गेली. चौथे एकक 2005 मध्ये आणि तिसरे 2006 मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले.

मात्र या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवण्यात आली. पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्या एका वृद्ध मच्छीमाराशी मी बराच वेळ बोललो. केंद्राजवळच्या पाण्यात आता जाता येत नाही आणि बाहेर सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्यामुळे किनाऱ्यालगतची मासळी कमी झाली, असे त्यांचे ठाम म्हणणे होते. नव्या वसाहतीत घर मिळते, पण दारातून होडी ढकलता येत नाही, ही त्यांची खंत मला नुकसानभरपाईच्या कोणत्याही आकड्यात बसणारी वाटली नाही, आणि वीज वापरणाऱ्या मुंबईकराने ती त्यांच्या तोंडून ऐकलीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पहिली दोन एकके 2020 मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आली होती. ती बांधली जात असताना, लहानपणी, परदेशी इंजिनीअरांच्या गाड्या पाहायला आपण रस्त्यापर्यंत धावत जात असू, असे त्या मच्छीमारांनी सांगितले. भरती चढू लागली तेव्हा त्यांनी जाळे गुंडाळले आणि मी बोईसरच्या रिक्षेसाठी चिंचणीच्या नाक्याकडे चालू लागलो.