सहा लाल चौकोन आणि सत्तर हजार टन कोळसा

मी मर्चंट नेव्हीत आहे, त्या वेळी सेकंड मेट होतो. सेकंड मेट म्हंजे ब्रिजवरचा तलाठी समजा. नकाशे, नोंदी, दुरुस्त्या, रस्ता आखणं सगळं त्याच्या गळ्यात, आणि ड्युटी दुपारी १२ ते ४ अन रात्री १२ ते ४, त्यामुळे ना धड जेवण ना धड झोप.

ऑगस्ट २०२२ ची गोष्ट. पॅनामॅक्स (पनामा कालव्यात जेमतेम मावेल एवढं) बल्क कॅरियर, इंडोनेशियातल्या कालिमंतानच्या किनाऱ्याबाहेर अँकरवर उभं राहून बार्जमधून सत्तर हजार टन कोळसा भरला आणि तैवानच्या तैचुंगला निघालो. तिथे समुद्रालगत भलंमोठं कोळशाचं वीजकेंद्र आहे, त्याच्यासाठी माल. मकासर, सुलू समुद्र, मिंडोरो स्ट्रेट आणि मग फिलिपिन्सच्या लुझॉन बेटाच्या पश्चिमेने सरळ वर. कंटाळवाणा रस्ता, मासेमारीच्या बोटी चुकवायच्या आणि कॉफी प्यायची.

२ तारखेच्या मध्यरात्री वॉचवर आलो तर थर्ड मेट म्हणाला, सर ती अमेरिकन बाई, त्यांच्या संसदेची सभापती पेलोसी, तैपेईत उतरली आणि चीन भडकलाय. मी म्हटलं भडकू दे, आपल्याला कोळसा टाकायचाय. माझं राजकारणाचं ज्ञान तेवढंच. सकाळपर्यंत चीनने सरावासाठी जाहीर केलेल्या समुद्रातल्या सहा चौकोनांचे लॅट-लाँग आले, ४ ऑगस्ट दुपारी १२ पासून ७ ऑगस्ट दुपारी १२ पर्यंत लाइव्ह फायरिंग, कोणी आत शिरू नये.

आता हे आकडे बातमीत वाचणं वेगळं आणि ईसीडिसच्या (जहाजाच्या इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या) स्क्रीनवर एकेक कोपरा स्वतःच्या हाताने टाकणं वेगळं. मी टाकत गेलो, लाल रेघेने जोडत गेलो. एक चीनच्या पिंगतान बेटासमोर, जिथे तैवान स्ट्रेट अरुंद आहे तिथे. एक उत्तरेला, एक ईशान्येला कीलुंग बंदराच्या अंगाला, एक पूर्वेला, एक खाली तैवान अन फिलिपिन्सच्या मधल्या बाशी चॅनेलच्या तोंडाशी आणि सगळ्यात मोठा धूड नैर्ऋत्येला, काओशुंग बंदराच्या बाहेर. काहींचे कोपरे चक्क तैवानच्या १२ मैलांच्या हद्दीत घुसलेले. सहावा जोडून झाल्यावर झूम आउट केलं आणि पोटात कसंतरीच झालं, कारण तोवर मी एकेक सुटा चौकोन बघत होतो, आता दिसलं की बेटाभोवती कडंच घातलंय. कीलुंगची वाट, काओशुंगची वाट, बाशी, सगळ्या दारांपुढे एकेक खाट टाकून ठेवल्यासारखी.

आणि आमचा रस्ता बरोब्बर त्या नैर्ऋत्येच्या धुडाच्या पोटातून.

पश्चिमेने वळसा मारावा तर तिथे तैवान बँक. पाण्याखाली वाळूचे डोंगर, बऱ्याच ठिकाणी वीस मीटरसुद्धा पाणी नाही, आणि आम्ही साडेतेरा मीटर खाली बसलेले, वर पावसाळी स्वेल. पूर्वेने जावं तर बाशीचा चौकोन आणि मोठा चौकोन यांच्या मधली फट, आणि पुढे मोठ्या चौकोनाचा कोपरा अन तैवानचा किनारा यांच्यामधून बोळ. त्या बोळात माझ्यासारखे किती घुसणार होते देव जाणे.

आमचे कॅप्टन वेंगुर्ल्याकडचे. ब्रिजवर सगळ्यांशी कडक इंग्लिश, पण माझ्याशी एकटे असले की मालवणी. स्क्रीनकडे बघत राहिले, चष्मा वर केला, खाली केला. मी म्हटलं सर, पूर्वेच्या बोळातून जमेल, मी कोर्स काढून बघितलाय. ते म्हणाले, "माका सांग, आपणाक घाई कसली आसा? कोळसो कुजता काय?"

झालं. ४ तारखेला सकाळी लुझॉनच्या वायव्येला साधारण १९ अंश उत्तरेवर इंजिन बंद, ड्रिफ्टिंग. जवळचा चौकोनसुद्धा शंभर मैलांहून लांब.

बारा वाजता मी वॉचवर. चीनचा टाइम, तैवानचा टाइम आणि जहाजाचा टाइम एकच होता, त्यामुळे ब्रिजवरच्या घड्याळाचा काटा बाराला टेकला तसं मी आणि आमचा एबी (वॉचवरचा खलाशी) दोघांनीही नकळत उत्तरेकडे बघितलं. काय दिसणार, पाणी. एबी फिलिपिनो, गप्प माणूस. त्याची बायको काओशुंगच्या फॅक्टरीत कामाला, तिथे हजारो फिलिपिनो आहेत तसे, तीन वर्षं करार. दुर्बीण काही तो खाली ठेवेना. मी म्हटलं अरे दीडदोनशे मैलांवरचं काय दिसतंय तुला. म्हणाला, आय नो सर, आणि परत दुर्बीण डोळ्याला.

त्या चार तासांत आमच्याकडे काहीही घडलं नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. जहाज डुलत होतं, कॉफी मगात एका बाजूला जात होती. आणि नंतर कळलं की बरोबर माझ्याच वॉचमधे, दोनला चार मिनिटं कमी असल्यापासून चारपर्यंत, मिसाइल सुटत होती. तैवान म्हणालं ११, जपान म्हणाला ९, त्यातली ५ जपानच्या ईईझेडमधे (किनाऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंतच्या आर्थिक हक्काच्या समुद्रात) पडली आणि ४ म्हणे तैवानच्या डोक्यावरून गेली. इतक्या उंचावरून की तैवानने सायरनसुद्धा वाजवला नाही. खाली लोक जेवून हात धूत असतील.

घरी मात्र युद्ध सुरू झालेलं. वायफायचा कोटा थोडा, तरी व्हॉट्सॲप उघडलं तर रत्नागिरीहून आईचे सात मेसेज. टीव्हीवर अँकर ओरडतायत तिसरं महायुद्ध, मागे आगीचे ग्राफिक्स, आणि आई विचारतेय तू नेमका कुठे आहेस, जहाज मागे फिरवता येत नाही का. मी लिहिलं, आई जहाज बंद आहे, मी बटाट्याची भाजी खाल्ली. तिचा विश्वास नाही.

आणि इकडे चार्टररचे, म्हंजे जहाज भाड्याने घेणाऱ्यांचे मेल. कन्फर्म व्हेसल प्रोसीडिंग विथ अटमोस्ट डिस्पॅच, जहाज शक्य तेवढ्या लवकर निघालंय ना ते कळवा. थांबल्याचा खर्च कोणाच्या खात्यावर हा त्यांचा खरा प्रश्न, भाषा मात्र काळजीची. कॅप्टननी सॅटफोनवर त्यांना शांतपणे विचारलं की तुम्ही मला लेखी द्या, त्या चौकोनाच्या कडेने जा म्हणून, मी लगेच निघतो. लेखी काही आलं नाही.

संध्याकाळी चहा घेऊन ते ब्रिजवर आले आणि १९९६ चं सांगायला लागले. तेव्हा ते कॅडेट होते, काओशुंगलाच चाललेले, मार्च महिना, तैवानमधे पहिली थेट राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. तेव्हाही चीनने मिसाइल टाकली होती. "तेव्हा दोन चौकोन होते रे, एक कीलुंगाच्या भायर, एक काओशुंगाच्या. आता सहा आसत बघ." तेव्हा अमेरिकेने दोन विमानवाहू ताफे पाठवले, इंडिपेंडन्स आणि निमित्झ, आणि प्रकरण थंड झालं. चीनकडे त्या ताफ्यांना समुद्रात हुडकून अडवायचं साधनच नव्हतं. ही बोच त्यांनी मनात धरली. मग रशियाकडून सोव्ह्रेमेनी डिस्ट्रॉयर घेतल्या, किलो पाणबुड्या घेतल्या, जहाजावर मारा करणारं बॅलिस्टिक मिसाइल डीएफ-२१डी काढलं, युक्रेनकडचा अर्धवट वारियाग सांगाडा ओढत आणून २०१२ ला त्याचं ल्याओनिंग केलं. २०१६ ला सैन्याची सगळी रचना बदलून पाच थिएटर कमांड (एकेका दिशेची सगळी सेना एका हुकुमाखाली) केल्या, आम्हाला थांबवलं ती त्यातली पूर्वेची. या वेळीही अमेरिकेचं रोनाल्ड रेगन त्याच भागात होतं, फिलिपिन समुद्रात. चौकोनातलं एक मिसाइल कमी झालं नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये, थोडं डोळ्यानेही बघितलंय. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जहाजावर असताना शांघायजवळ यांगत्सेच्या मुखाशी ड्रायडॉकला गेलो होतो. चांगशिंग बेटावरून जाताना नुसत्या क्रेनच क्रेन. एका बाजूला कंटेनर जहाजांचे रंगवलेले सांगाडे, आणि त्याच रांगेत पुढे राखाडी, राखाडी, राखाडी. मी मोबाइल काढला तर पायलट हसून म्हणाला नो फोटो. तिथल्याच ज्यांगनान यार्डात फुज्यान ही तिसरी विमानवाहू बनली, आमच्या या प्रसंगाच्या दीड महिना आधी, १७ जून २०२२ ला पाण्यात सोडली. इलेक्ट्रोमॅग्नेटिक कॅटापल्टवाली, म्हंजे विमानं विजेच्या जोरावर फेकणारी. जगात नवीन बांधल्या जाणाऱ्या व्यापारी जहाजांचं जवळपास निम्मं टनेज चीन बांधतो, तेच वेल्डर, तीच पोलादी पत्र्यांची गोदामं, तेच ड्रायडॉक. लोक परेडमधली मिसाइल बघून घाबरतात, मला त्या क्रेनची रांग आठवते. २०१८ ला दाल्यानमधे टाइप ०५५ च्या दोन डिस्ट्रॉयर एकाच दिवशी पाण्यात सोडल्या होत्या, बारा हजार टनांच्या वर एकेक. मुंबईत डॉकयार्ड बघत मोठा झालेला माणूस हे ऐकून गप्पच होतो. आणि गंमत म्हंजे आम्ही ज्या जहाजावर बसून हे बोलत होतो तेही चिनी यार्डातलंच, फायर पंपावरची पाटी चिनी भाषेत.

ड्रिफ्टिंगचे तीन दिवस मी एकच हिशोब करत होतो. आमच्या पोटात तैवानची वीज आहे. तिथली तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज कोळशावर, आणि कोळसा सगळा समुद्रातून. गॅसही समुद्रातून, त्याचा साठा तर दोन आठवड्यांचासुद्धा नसतो. आमच्यावर कोणी गोळी झाडली नाही, कोणी अडवलं नाही, नुसते कागदावर चार कोपरे लिहिले आणि सत्तर हजार टन वीज लुझॉनजवळ डुलत बसली. रडारवर आमच्यासारखे अजून होते, एआयएसवर (जहाजं आपली ओळख, जागा आणि वेग कळवतात ती यंत्रणा) स्पीड झिरो पॉइंट काहीतरी. मला वाटतं आधुनिकीकरण म्हणतात ते हेच. ९६ ला चौकोन काढला तर कोणीतरी येऊन पुसायचं, आता काढला की सगळे वाट वाकडी करतात.

७ तारखेला दुपारी बारा वाजता मुदत संपली. मी यूझर मॅप, म्हंजे हाताने काढलेले चौकोन, डिलीट करायला गेलो तर कॅप्टन मागून म्हणाले, "ऱ्हवांदे, परत लागतलो." वाढवतायत का बघायला संध्याकाळी सहापर्यंत थांबले आणि मग इंजिन सुरू.

त्या रात्री माझ्या वॉचवर, दोनच्या सुमारास, बाशीच्या पश्चिमेला रडारवर दोन टार्गेट, एआयएस नाही. एक पुढे, दुसरं दीडेक मैल मागे. पुढचं डावीकडे वळलं की मागचं वळायचं, पुढचं हळू की मागचं हळू. मग दोघांनी वेग धरला, २६ नॉट्स. एवढ्या स्पीडने जाळं कोणी ओढत नाही. कोण कोणाचा पाठलाग करतंय, कुठल्या देशाचं कोण, काही कळायला मार्ग नाही, दिव्यांचाही पत्ता नाही. कोलरेगमधे (समुद्रातल्या वाहतुकीच्या नियमांत) लिहिलंय क्रॉसिंगला कोणी वाट द्यायची, पण हे दोघे ते पुस्तक वाचायच्या मूडमधे दिसत नव्हते. मी कॅप्टनना उठवलं, ते चड्डी-बनियनवर आले, बघितलं, म्हणाले उजवीकडे वीस अंश घे आणि यांना जाऊदे. सात मैलांवरून गेले. कोणी व्हीएचएफ रेडिओवर हूं का चूं नाही. चार तारखेला मिसाइल पडत असताना भीती वाटली नव्हती ती इथे वाटली, हे दोघे अंधारात एकमेकांच्या अंगाला अंग घासत होते आणि कोणा एकाचा हँडल चुकला असता तरी पुढे काय झालं असतं.

सकाळी बातमी, पूर्वेच्या कमांडने जाहीर केलं की सराव चालूच राहणार. या वेळी आमच्याकडे नवीन चौकोन काही आले नाहीत, स्क्रीनवर फक्त जुन्याच लाल रेघा. कॅप्टन म्हणाले चौकोन होते तेच बरे होते, निदान कुठे जायचं नाही ते कळत होतं. सरकारी घोषणेने सराव संपला तो १० तारखेला, तोवर आम्ही तैचुंगला पोचलेले. नंतर एप्रिल २०२३, मे २०२४, ऑक्टोबर २०२४, सराव येतच राहिले, मुदत या वेळेपेक्षा लहान आणि आधी सांगणंही कमी. जपानने २०२२ च्याच डिसेंबरमधे संरक्षणखर्च जीडीपीच्या २ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. आम्ही ज्या किनाऱ्यासमोर डुलत होतो त्याच्याच पलीकडे, लुझॉनच्या उत्तरेला कागायानमधे, फिलिपिन्सने पुढच्या वर्षी अमेरिकेला तळ वापरायला दिले. त्यांनी आपल्याकडून ब्रह्मोसही घेतलंय. आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), तोही फिलिपिनो, मोठ्या अभिमानाने मला सांगायचा, युवर मिसाइल सर. जसं काही मीच घरी बनवतो.

८ तारखेला दुपारी साडेबाराला काओशुंगच्या बाहेरून जात होतो. अँकरेज नेहमीसारखं भरलेलं, पायलट बोटी ये-जा करत होत्या. एबीने विचारलं, सर दोन मिनिटं ब्रिज विंगवर जाऊ? ट्रॅफिक बघितलं, म्हटलं जा, पण लुकआउट मी करतोय तोवरच. फोन डोक्याच्या वर धरून तो रेंज शोधत होता, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. एक काडी मिळाली. बायकोचा जेवणाचा ब्रेक चाललेला. आवाज तुटत होता, तरी चार-पाच वाक्यं झाली असतील, मग कट.

आत आला, दुर्बीण घेतली. मी विचारलं काय म्हणाली, घाबरली होती का?

नो सर, म्हणाला. शी इज डुइंग ओव्हरटाइम. शी आस्क्ड व्हाय आय डिड नॉट कॉल फॉर फाइव्ह डेज.