६५० रुपयांची खेळण्यातली बंदूक सोडवायला लागले साडेचार महिने

बंदूक खोटी होती हे आधीच सांगतो, कारण गावात अजून दोन-तीन जण मला बघून हात वर करतात आणि हसतात. प्लास्टिकची, स्प्रिंगची, पिवळे छर्रे टाकायची. भाचा अहिराणीत रील बनवतो, सासू-सून, सरपंच, फौजदार असलं काहीबाही, त्यातल्या फौजदाराच्या कमरेला लावायला म्हणून ६५० रुपयांची आणलेली. आणली तेव्हा नळीच्या टोकाला नारंगी रंग होता, तो मोबाईलमध्ये खोटा दिसतो म्हणून ह्या शहाण्याने त्यावर काळा ऑइल पेंट मारला. पुढचं सगळं रामायण त्या रंगाचं.

नोव्हेंबर २०२४, विधानसभेची आचारसंहिता, मध्यप्रदेशच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तपासणी नाका. ते लोक शोधत होते रोकड, आणि भाच्याच्या सॅकमधून निघाली ही. आमच्याकडे पोलीस असे का दचकतात ते इथल्या माणसाला सांगायला नको, हद्दीपलीकडच्या उमर्टी गावचे गावठी कट्टे सातपुडा उतरून चोपड्याकडे येतात, कट्ट्यासह कोण पकडला ही बातमी पेपरला असतेच. त्यामुळे नाक्यावरच्यांना मी तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही. लांबून मलाही ती खरीच वाटली असती.

रात्री साडेनऊला ठाण्यात पोचलो तर भाचा बाकावर, बहीण दाराशी डोक्याला पदर लावून, "पोऱ्यानं कसं व्हई रे भाऊ आते?" तो पोलीस भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे सोळाशे मीटर पळतो, आणि त्याच्यावरच पोलीस केस. पण मोठे साहेब माणूस चांगले निघाले. त्यांनी बंदूक हातात घेतली, खटका ओढला, छर्रा समोरच्या रजिस्टरवर टणकन आपटून खाली पडला. मग मला समजावून सांगितलं की जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू आहे, त्या आदेशात नुसती बंदूक-तलवार नाही तर इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला मनाई असते, मनात आणलं तर त्याच कायद्याच्या कलम १३५ खाली गुन्हा घेता येतो, आणि त्यात कारण लेखी नोंदवल्याशिवाय कोर्टालाही चार महिन्यांपेक्षा कमी शिक्षा देता येत नाही. हे ऐकून माझे पाय लटपटले. मग म्हणाले, "मी गुन्हा घेत नाही. स्टेशन डायरीला नोंद करतो, समज देतो, घेऊन जा पोराला."

मी दोन्ही हात जोडले. निघताना सहज विचारलं, साहेब आणि ती? तर म्हणाले, ती जप्त केलीय, कोर्टातून सोडवून घ्या.

तिथं मी म्हणायला पाहिजे होतं की राहू द्या, ठेवा तुमच्याकडेच. पण बहिणीच्या डोक्यात बसलं की उद्या भरतीत चारित्र्य पडताळणी होईल तेव्हा कुणीतरी म्हणेल, ह्याचं हत्यार आमच्या मालखान्यात पडलंय. ते खेळणं होतं असा कागद पाहिजे, कोर्टाचा पाहिजे. आणि खरं सांगू का, मलाही थोडी खुमखुमी आलीच होती.

आता मुख्य दुखणं. कोर्टात अर्ज करायला गेलो तर खिडकीवरचे विचारतात गुन्हा नंबर काय. म्हटलं गुन्हा नाहीये. मग एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंदीचा नंबर? तोही नाही. मग तुम्ही काय सोडवायला आलाय? मी परत ठाण्यात. ठाणे अंमलदार म्हणतात गुन्हाच नाही तर नंबर कुठून देऊ. मग म्हटलं गुन्हा नाही तर वस्तू द्या, तर म्हणे ती जप्त आहे, कोर्टाच्या ऑर्डरशिवाय जप्त माल सांभाळणारा मुद्देमाल कारकून देणार नाही. मुद्देमाल कारकून रजेवर. आला तर त्याच्या रजिस्टरला आमची नोंदच सापडेना, कारण त्याचं रजिस्टर गुन्हा नंबरवर चालतं. हे सगळं रब्बीच्या सीझनमध्ये, माझं खताचं दुकान आहे, बाहेर युरियाला रांग आणि मी शटर ओढून तालुक्याला. भाच्यावर गुन्हा घेतला असता तर एव्हाना नंबर मिळाला असता, तारीख पडली असती आणि बंदूकही सुटली असती कदाचित. साहेबांनी दया केली पण दयेला नंबर नसतो.

बरं, निवडणुकीच्या आधी परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात, आमच्या शेजारच्या मळेवाल्या नानांची खरी बारा बोअर जमा होती. २३ तारखेला निकाल लागला आणि पुढच्या काही दिवसांत नाना पावती दाखवून बंदूक घेऊन आले, मला दुकानात येऊन दाखवून गेले. खरी बंदूक सुटली, खोटी आत.

वकिलांकडे मी फार उशिरा गेलो ही माझी चूक, वाटलं एवढ्याशासाठी काय वकील. त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं की पोलिसांनी वस्तू जप्त केली की मॅजिस्ट्रेटला लगेच रिपोर्ट द्यावा लागतो, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १०६, आणि गुन्हा नसला तरी वस्तू परत मागायचा रस्ता कलम ५०३, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ४५७. कोर्टात सगळे अजून ४५७ च म्हणतात, तुम्ही ५०३ म्हणालात तर समोरचा दोन सेकंद थांबतो. आमच्या बाबतीत तो रिपोर्ट गेलाच नव्हता. कुणी मुद्दाम केलं नसेल, निवडणुकीची धावपळ, राहून गेलं. पण जप्ती झाली ह्याचा कागद माझ्याकडे कुठे होता? पंचनाम्याची प्रत त्या रात्री घेतली नाही, पोरगं सुटलं ह्याच आनंदात. तेव्हा तुम्ही घ्या, सही करायच्या आधी मागा, आणि त्यात "प्लास्टिकची, खेळण्यातली" हे शब्द आहेत का ते वाचा. आमच्यात लिहिलं होतं "पिस्तुलासारखी दिसणारी काळ्या रंगाची वस्तू". आणि हो, आता झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं असतं, कलम १०५, ते केलंय का हेही विचारा.

शेवटी माहिती अधिकार टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय, अमुक तारखेच्या स्टेशन डायरी नोंदीची आणि जप्ती पंचनाम्याची प्रत. अठ्ठाविसाव्या दिवशी मिळाली, म्हणजे तीस दिवसांच्या मुदतीत बसवली. त्या नोंदीच्या नंबरावर वकिलांनी किरकोळ अर्ज टाकला आणि खिडकीवरच्यांनी तो निमूट घेतला. मला वाटलं झालं आता.

तर पुढे "से". ज्याला कोर्टाचा अनुभव नाही त्याला हा शब्द माहीत नसतो. से म्हणजे तुमच्या अर्जावर पोलिसांचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं. तो आल्याशिवाय न्यायाधीश साहेब ऑर्डर करत नाहीत. पहिल्या तारखेला से आला नाही. दुसऱ्या तारखेला तपासी अंमलदार बंदोबस्ताला. तिसऱ्या तारखेला आला आणि त्यात हरकत! सदर वस्तू हुबेहूब असून दहशत माजवण्यासाठी वापर होऊ शकतो, तसेच तिच्यात बदल करून वापरता येईल किंवा कसे याबाबत तज्ज्ञाचा अभिप्राय नाही. माझं डोकंच फिरलं. अरे, अभिप्राय मागवायचा कुणी, मी?

पण घरी येऊन शस्त्र कायदा १९५९ ची व्याख्या वाचली तर कळलं की हरकत अगदीच हवेतली नव्हती. कलम २ मध्ये शस्त्र म्हणजे काय ते सांगून पुढे वगळलंय की ज्याचा खेळण्यापलीकडे उपयोग होऊ शकत नाही आणि ज्याचं चालू हत्यारात रूपांतर करता येत नाही ते शस्त्र नाही. म्हणजे खेळणं आहे एवढं म्हणून भागत नाही, बदलता येत नाही हेही बघतात. आणि ते नाक्यावरच्या शिपायाने रात्री टॉर्चच्या उजेडात बघायचं. त्याच नादात अमेरिकेतलंही वाचलं, तिथं १९८८ च्या कायद्याने अशा बंदुकांना नारंगी टोक सक्तीचं आहे, आणि २०१४ मध्ये क्लीव्हलँडला बारा वर्षांच्या पोराच्या हातातल्या अशाच बंदुकीचं ते टोक निघालेलं होतं, पोलिसांची गाडी आली आणि काही सेकंदांत गोळी घातली. त्या रात्री भाच्याला उठवून आमच्याकडच्या दिव्याखाली दोन शिव्या घातल्या. आपल्याकडे त्या टोकाबद्दल कुणी विचारलंही नव्हतं, पण तो रंग मारला नसता तर नाक्यावरचा माणूस हसून सोडून देता, असं मला वाटतं.

पण राग जातोय कुठे. त्याच डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो, घोडे बघायला. तिथं खेळण्यांच्या दुकानात अशाच काळ्या बंदुका टांगलेल्या आणि बंदोबस्ताचा पोलीस बाजूला उभा राहून पोराला तीच घेऊन देत होता. कायदा तोच, माणूस तोच, फक्त जागा वेगळी.

अभिप्राय शेवटी पोलीस मुख्यालयात हत्यारं बघणाऱ्या आर्मोररकडून मागवला, कोर्टानेच सांगितलं म्हणून. बंदूक त्यासाठी पाच आठवडे गेली आणि कुठे आहे ते कुणी सांगेना. फोन केला की पैरवीवाले, म्हणजे ठाण्याची कोर्टातली कामं बघणारे पोलीस, म्हणत पाठवलंय, मुख्यालय म्हणत आलं नाही. जावक नंबर मागा, म्हणजे टपाल बाहेर गेल्याच्या नोंदीचा नंबर. हे वाक्य पाठ करा, "जावक नंबर द्या". मी तो मागितला त्या दिवशी कळलं की पाकीट ठाण्यातच टेबलावर आहे. नंतर आठ दिवसांत अहवाल आला, तीन ओळींचा, स्प्रिंगवर चालणारं प्लास्टिकचं खेळणं, दारूगोळा वापरता येत नाही.

एक राहिलं, खोकं फेकू नका. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आमच्या बंदुकीच्या खोक्यावर तो होता आणि बहिणीने त्यात बांगड्या ठेवल्या होत्या म्हणून वाचलं. वकिलांनी ते खोकं बिलासकट कोर्टात ठेवलं, अहवालाच्या आधीच ठेवायला हवं होतं.

ऑर्डरच्या दिवशी न्यायाधीश साहेबांनी ती टेबलावर मागवली, उलटी-सुलटी केली, भाच्याला विचारलं रंग कुणी मारला. "मी सर." का? "रीलसाठी सर." सरकारी वकीलही गालात हसले. दहा मिनिटं, फार तर. हजार रुपयांचा सुपूर्दनामा, म्हणजे वस्तू ताब्यात घेतल्याचं हमीपत्र, सार्वजनिक जागी बाळगायची नाही, आणि टोकाला नारंगी रंग परत मारून घ्यायचा. हा रंगाचा मुद्दा कुठल्या कलमात आहे ते मी वकिलांना विचारलं, ते म्हणाले, कलमात नाही, साहेबांच्या डोक्यात आहे, गप सही कर.

खर्च सांगतो, वकील ओळखीचे म्हणून दोन हजार, झेरॉक्स-स्टॅम्प-शपथपत्र धरून तीनशेच्या आसपास, पेट्रोल आणि बंद दुकानाचा हिशोब केला नाही, बायकोने केलाय.

ऑर्डरची सही-शिक्क्याची नक्कल दोन काढल्या, एक भाच्याच्या भरतीच्या फाईलला. बंदूक माझ्या कपाटात आहे, बहीण घरात घेत नाही. टाकून द्यावी म्हटलं तर सुपूर्दनाम्यात लिहून दिलंय की कोर्ट मागेल तेव्हा आहे त्या स्थितीत हजर करीन, म्हणजे फेकताही येत नाही.