काट्यावरचा कॉम्प्युटर, कोड 32 आणि कोड 28

राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमधली ही केस. कापसाचा हंगाम भरात होता. फाटकाबाहेर ट्रॅक्टर आणि छोट्या हत्तींची रांग, आणि काट्याच्या खोलीतला विंडोज 7 चा जुना डेस्कटॉप पेनड्राइव्हच ओळखेना. वजनं होत होती, पावत्या निघत होत्या, अडलं होतं ते बॅकअपचं. काट्याचा दिवसभराचा डेटा संध्याकाळी पेनड्राइव्हवर घेऊन ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चढवायचा आणि त्यावरून चुकारे काढायचे, अशी तिथली पद्धत. डेटा नाही म्हणजे चुकारे नाहीत, आणि चुकारे नाहीत म्हणजे दुसऱ्या दिवशी ऑफिससमोर गर्दी.

दिवाणजी फोनवर म्हणाले, "पेनड्राइव्ह लावला का टुंग आवाज येते जी, पण दिसत काहीच नाही."

त्या आवाजात बरीच तपासणी होऊन जाते. यूएसबी 2.0 च्या पोर्टमध्ये चार तारा असतात: लाल 5 व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी आणि हिरवी डेटाची. पेनड्राइव्ह आतल्या दीड किलोओहमच्या रेझिस्टरने हिरवी तार वर ओढतो आणि त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की काहीतरी लागलं. मग ओळखीची देवाणघेवाण होते. ती नीट झाली तर नेहमीचा आवाज येतो. फसली तर आवाज वेगळा येतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजच्या उपकरणांच्या यादीत) 'अननोन डिव्हाइस', कोड 43 दिसतो. इथे नेहमीचा आवाज येत होता, म्हणजे करंट आणि डेटाच्या तारा ठीक होत्या. तरी तोवर एका मेकॅनिकने "साउथ ब्रिज गेला, बोर्ड बदला" असं सांगून टाकलं होतं (साउथ ब्रिज म्हणजे मदरबोर्डवरची, यूएसबी सांभाळणारी चिप), आणि दुसऱ्याने "फॉरमॅट मारून देऊ". फॉरमॅटला तिथे वावच नव्हता. काट्याच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्याच इन्स्टॉलेशनला बांधलेलं, आणि इंडिकेटरचा (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याचा) सिरियल पोर्ट कोणत्या सेटिंगवर आहे हे कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं.

म्हणून पहिलं काम दुरुस्तीचं नव्हतं. दिवाणजींचा फोन केबलने लावला, फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडलं, आणि फोनची मेमरी लगेच उघडली. बॅकअपचं फोल्डर त्यात कॉपी केलं आणि त्या दिवसाचा प्रश्न मिटला. फोन एमटीपी पद्धतीने बोलतो, त्याचा ड्रायव्हर वेगळा. पेनड्राइव्ह, कार्ड रीडर आणि बहुतेक जुन्या बाहेरच्या हार्डडिस्क मात्र 'यूएसबीस्टोर' या एकाच ड्रायव्हरवर चालतात. माउस, प्रिंटर, फोन चालतात आणि फक्त साठवणुकीची उपकरणं बंद पडतात, तेव्हा बोर्डावर संशय घेऊच नये. बोर्ड बिघडला तर तो असा निवडून निवडून बिघडत नाही.

तरी खात्री केली. लिनक्सचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारा) पेनड्राइव्ह मागच्या त्याच पोर्टात लावून बूट मेन्यूमधून मशीन सुरू केलं. लिनक्स उठलं, दुसरा पेनड्राइव्हही दिसला. हार्डवेअर सुटलं, आता जे काही होतं ते विंडोजमध्येच.

मग डिस्क मॅनेजमेंट उघडलं. पेनड्राइव्ह तिथे दिसतो पण त्याला ड्राइव्हचं अक्षर (ई, एफ वगैरे) नसतं, तर उजवी क्लिक करून अक्षर दिलं की काम होतं. नेटवर्क ड्राइव्हने तेच अक्षर धरून ठेवलं तरी पेनड्राइव्ह दिसत नाही, मग त्याला दुसरं अक्षर द्यावं लागतं. इथे तिथेही काही नव्हतं. अक्षर येऊन 'ॲक्सेस इज डिनाइड' आलं असतं तर ग्रुप पॉलिसीतल्या 'रिमूव्हेबल स्टोरेज ॲक्सेस'वर संशय घेतला असता. तोही गेला.

डिव्हाइस मॅनेजरने मात्र चक्रावलं. दिवाणजींचा रोजचा पेनड्राइव्ह लावला की 'यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस'वर पिवळा त्रिकोण आणि कोड 32. त्याच पोर्टात कोरा, नवा पेनड्राइव्ह लावला तर तो 'अदर डिव्हायसेस'मध्ये जाऊन पडायचा आणि कोड 28 दाखवायचा. एकच पोर्ट, एकाच जातीची वस्तू, आणि दोन वेगळे आकडे. इथे घाई केली तर माणूस सगळे यूएसबी ड्रायव्हर अनइन्स्टॉल करत सुटतो. कीबोर्ड आणि माउस यूएसबीचे असतील तर रूट हब काढताच तेही मरतात आणि हाती काही राहत नाही. ते करायचंच असेल तर आधी पीएस-टू चा (जुन्या गोल पिनचा) कीबोर्ड लावून ठेवावा.

कोड 32 चा अर्थ सरळ आहे: ड्रायव्हर आहे, पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, बंद करून ठेवलाय. रेजएडिट (ती नोंदवही दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, यूएसबीस्टोर इथवर गेलं की उजवीकडे 'स्टार्ट' नावाची नोंद दिसते. 3 म्हणजे गरज पडेल तेव्हा सुरू हो, 4 म्हणजे बंद. इथे 4 होता. 3 केला, पेनड्राइव्ह काढून परत लावला, आणि दिवाणजींचा पेनड्राइव्ह उघडला.

"झालं का?" दिवाणजींनी विचारलं.

नवा पेनड्राइव्ह अजून कोड 28 वरच होता. कोड 28 म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोजची एक गोष्ट इथे माहीत पाहिजे. प्रत्येक नवा पेनड्राइव्ह पहिल्यांदा लागतो तेव्हा विंडोज 'इन्फ' फोल्डरमधली यूएसबीस्टोर डॉट आयएनएफ ही फाइल वाचून ड्रायव्हर बसवते, आणि त्या बसवण्यात 'स्टार्ट' आपोआप 3 होतो. म्हणजे नुसता 4 लिहून यूएसबी बंद केली तर अनोळखी पेनड्राइव्ह लावताच कुलूप उघडतं. म्हणून जाणकार माणूस दोन कुलपं लावतो: ओळखीच्या पेनड्राइव्हसाठी 4, आणि नव्यांसाठी त्या आयएनएफ आणि सोबतच्या पीएनएफ फाइलवर विंडोजच्या स्वतःच्या 'सिस्टिम' खात्याला मनाई. फाइलच वाचता येत नाही म्हणून ड्रायव्हर बसत नाही, म्हणून 28. दोन आकड्यांचा उलगडा इथे झाला, आणि हा बिघाड नसून कुणीतरी समजून-उमजून केलेला बंदोबस्त आहे हेही कळलं.

फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅबवर 'सिस्टिम'समोर 'डिनाय'ची खूण होतीच. परवानगी आणि मनाई दोन्ही असतील तर जोर मनाईचा. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन दोन्ही फाइलींवरची ती ओळ काढली. मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्या आतल्या खात्याकडे असेल तर आधी 'ओनर' टॅबमधून ती घ्यावी लागते. इथे ती आधीच कुणीतरी घेतलेली होती. डिव्हाइस मॅनेजरमधून नवा पेनड्राइव्ह अनइन्स्टॉल करून परत लावला. बसला.

यानंतर रीस्टार्ट केल्याशिवाय उठू नये. रीस्टार्ट केलं, आणि दोन्ही पेनड्राइव्ह पुन्हा गायब. 'स्टार्ट' परत 4, फाइलींवर परत मनाई.

"काहून बाप्पा, आता त दिसून राहिलं होतं!"

हे परत कोण लिहितं ते शोधायची एक सोपी युक्ती रेजएडिटमध्येच आहे. यूएसबीस्टोरची की (डावीकडचं फोल्डर) निवडून फाइल मेन्यूतून एक्स्पोर्ट करायचं, पण नेहमीच्या रेग प्रकारात नाही, टेक्स्ट प्रकारात. त्या टेक्स्ट फाइलमध्ये 'लास्ट राइट टाइम' छापून येतो, म्हणजे त्या नोंदीत शेवटचा बदल कधी झाला ते. ती वेळ विंडोज सुरू होण्याची नव्हती, पासवर्ड टाकून लॉगइन केलं त्याच मिनिटाची होती. लॉगइनला चालणारं काहीतरी, एवढं नक्की झालं. स्टार्टअप फोल्डर आणि रनच्या नोंदी स्वच्छ होत्या. टास्क शेड्युलरच्या लायब्ररीत मात्र एक निरुपद्रवी नावाचं काम दिसलं: ट्रिगर 'ॲट लॉग ऑन', सर्वोच्च अधिकारांसह, आणि ॲक्शनमध्ये एका लपवलेल्या फोल्डरमधली बॅच फाइल. नोटपॅडमध्ये उघडली. मोजक्या ओळी. एक 'स्टार्ट'मध्ये 4 लिहिणारी, बाकीच्या त्या दोन फाइलींवर मनाई बसवणाऱ्या.

असं काम लगेच डिलीट करू नये. आधी 'डिसेबल' करून, दोन्ही कुलपं परत काढून, रीस्टार्ट करून पाहावं. 'स्टार्ट' 3 वरच राहिला, तेव्हा काम काढलं.

मागे काट्यावर बसणाऱ्या एका ऑपरेटरने हे केलं होतं, असं विचारपूस केल्यावर निघालं. शॉर्टकट व्हायरसने (खरी फोल्डरं लपवून तिथे त्याच नावाचे शॉर्टकट ठेवणाऱ्या) सगळी फोल्डरं खाल्ली होती तेव्हाची गोष्ट. तो काम सोडून गेला, मधल्या काळात बॅकअप ऑफिसच्या केबलवरून जात होता, ती केबल या वर्षी उंदरांनी कुरतडली आणि पेनड्राइव्हची पाळी आली. त्याने लावलेलं कुलूप चांगलंच होतं, किल्लीचा पत्ता तेवढा कुणाला ठाऊक नव्हता.

"मंग आता हे खुल्लंच ठेवाचं का?" दिवाणजींची शंका रास्त होती. विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला, त्यामुळे हे मशीन नेटपासून दूरच ठेवायचं. पेनड्राइव्हवरचं ऑटोरन विंडोज 7 तसंही चालवत नाही, पण शॉर्टकट व्हायरसला ऑटोरन लागतच नाही, माणूस स्वतःच त्या शॉर्टकटवर दोनदा क्लिक करतो. म्हणून फाइलींची एक्स्टेन्शन आणि लपवलेल्या फाइली दिसतील असं करून दिलं, काट्यासाठी ॲडमिन नसलेलं वेगळं खातं काढलं आणि काट्याचं सॉफ्टवेअर त्या खात्यात चालतंय याची खात्री केली. बॅकअपला दोन पेनड्राइव्ह ठरवले, एक दिवस हा, एक दिवस तो. ते दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला, निदान झेरॉक्सच्या दुकानात तरी, लावायचे नाहीत.

राहिले कॅबिनेटचे समोरचे दोन पोर्ट. तिथे खरोखरच कोड 43 येत होता. मेकॅनिकने तपासणी तिथेच केली असणार, म्हणून निदान बोर्डावर गेलं. पोर्टात रुईचे तंतू आणि सरकीची धूळ ठासून भरलेली होती. वीज काढून मऊ ब्रशने साफ केल्यावर एक पोर्ट चालू झाला. दुसऱ्याची आतली पट्टी वाकली होती, त्यावर टेप लावून टाकला. समोरच्या पोर्टची केबल बोर्डावरच्या नऊ पिनांच्या हेडरवर बसते. तारा सुट्या असतील तर लाल पहिल्या जोडीवर आणि काळी सात-आठ क्रमांकावर. पिन गाळलेली बाजू काळ्या तारेकडची. उलट बसली तर पहिला बळी पेनड्राइव्हचा जातो.